सॉफ्टबॉल संघाचा प्रवास : खर्चाचा आणि विम्याचा हिशोब

धान्याच्या घाऊक व्यापारात ज्याचे आयुष्य गेले, त्याने मुलींच्या खेळाविषयी लेख लिहावा, याचे पुष्कळांना नवल वाटेल. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. सॉफ्टबॉलची बॅट मी कधी हाती धरलेली नाही. तथापि खेळ निराळा आणि खेळाडूंना गावोगावी नेण्याचा व्यवहार निराळा. हा दुसरा विषय भाडे, माणशी वाटणी, जोखीम आणि विमा यांचा आहे, आणि तो व्यापाऱ्याला परका नाही. परका नसूनही मी त्यात एकदा मोठी चूक केली. ती चूक सभासद बंधूंच्या व त्यांच्या कुटुंबीयांच्या उपयोगी पडावी, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहे.

घडले ते असे. २०१९ सालच्या हिवाळ्यात माझी नात आठव्या इयत्तेत होती व शाळेच्या सॉफ्टबॉल संघात खेळत होती. संघाला बेळगावहून धारवाडला सामन्यांसाठी जावयाचे होते. बसचे भाडे ऐकून पालकांचे चेहरे उतरले. तेव्हा मी मोठ्या उदारपणाने म्हणालो, "भाड्याची चिंता कशाला? रविवार पेठेत आपला टेम्पो रिकामाच उभा आहे. पोती उतरवू, ताडपत्री बांधू, खाली सतरंजी अंथरू, पोरी आरामात जातील." सर्वांनी माझे आभार मानले. परतीच्या वाटेवर कित्तूरच्या अलीकडे सेवारस्त्याला वळताना टेम्पो एका अंगावर कलंडला. वेग बेताचा होता, म्हणून जीवित बचावले. बहुतेक मुलींना खरचटले. एकीचे मात्र उजवे मनगट मोडले. ती आमच्याच पेढीवर पोती वाहणाऱ्या हमालाची मुलगी, आणि संघाची पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी.

दुसऱ्या दिवशी मी विमा प्रतिनिधीला बोलावून कागद पुढे ठेवले. त्याने ते वाचले आणि शांतपणे सांगितले, "ही मालवाहू गाडीची पॉलिसी आहे. हिच्यात आपण माणसे बसविली. त्यांची भरपाई कंपनीवर येत नाही. आली तर आपल्यावर येते." तुरीची शंभर पोती त्या गाडीत असती आणि ती रस्त्यावर सांडली असती, तर माझ्या मालवाहतुकीच्या पॉलिसीतून त्यांचे पैसे मिळाले असते. पोत्यांचा विमा मी वर्षानुवर्षे न चुकता उतरवीत आलो. मुलींच्या वेळी तो विचारही मनाला शिवला नाही. इस्पितळाचा सर्व खर्च मी दिला. मुलीचा बाप एवढेच म्हणाला, "सावकार, पोरगी वाचली, पुष्कळ झालं." त्या वाक्याने मला जितकी लाज वाटली, तितकी कोणाच्या शिव्यांनीही वाटली नसती. हाड जुळले, परंतु तिच्या चेंडूचा पूर्वीचा वेग परत आला नाही.

त्यानंतर मी या विषयाची जमेल तेवढी माहिती मिळविली. ती पुढे क्रमाने देत आहे.

खेळाची ओळख

सॉफ्टबॉल हा अमेरिकेचा खेळ. १८८७ साली शिकागो शहरात एका बंदिस्त दालनात त्याचा उगम झाला. भारतात त्याची राष्ट्रीय संघटना १९६१ साली स्थापन झाली, आणि आज शालेय क्रीडास्पर्धांतही त्याचा समावेश आहे. एका बाजूला नऊ खेळाडू मैदानात असतात. राखीव धरून संघ साधारणतः सोळांचा होतो. नावात 'सॉफ्ट' असले तरी चेंडू मऊ नसतो. बारा इंच परिघाच्या चेंडूचे वजन १७८ ते १९८ ग्रॅम भरते, म्हणजे तो क्रिकेटच्या चेंडूहूनही जड. पळताना घसरत तळ गाठावा लागतो. त्यात घोटे, गुडघे व बोटे दुखावतात. तेव्हा धोका दोन ठिकाणी आहे : एक रस्त्यावर आणि दुसरा मैदानावर. विम्याचा विचार करताना हे दोन्ही धोके वेगळे मोजावे लागतात, ही पहिली गोष्ट ध्यानात ठेवावी.

अमेरिकेत या खेळाचे मुलामुलींचे संघ सुट्टीच्या दिवसांत गावोगावी स्पर्धांना जातात. माझ्या भाच्याचे कुटुंब तिकडे असते व त्याची मुलगी अशाच एका संघात खेळते. तो सांगतो की, संघाने विमापत्र दाखविल्यावाचून स्पर्धेत प्रवेश मिळत नाही. त्या विम्याचे दोन भाग असतात : एक खेळाडूच्या दुखापतीचा, आणि दुसरा संघाकडून परक्याची हानी झाल्यास त्या दायित्वाचा. ज्याचे मैदान त्याचे नावही विमापत्रात घालून द्यावे लागते. दुखापतीचा विमा बहुधा पूरक असतो; म्हणजे आधी कुटुंबाचा स्वतःचा आरोग्य विमा पैसे देतो, व उरलेला खर्च संघाचा विमा उचलतो. अर्थात तेथेही सर्व आलबेल आहे असे नव्हे. कित्येक स्पर्धांत आयोजकांनी ठरविलेल्या हॉटेलातच उतरण्याची सक्ती असते, आणि प्रवासखर्चापायी बेताच्या मिळकतीची मुले मागे पडतात. तथापि 'आधी विमापत्र, मग मैदान' हा त्यांचा नियम आपण घेण्यासारखा आहे.

खर्चाची अंगे

संघाच्या दौऱ्याचा खर्च मांडताना पुढील खाती वेगळी पाडावीत : प्रवासभाडे, मुक्काम, भोजन, प्रवेशशुल्क, खेळाचे साहित्य, औषधपेटी, विमा आणि आकस्मिक खर्च. आकस्मिक खात्यात एकूण खर्चाच्या दहाव्या हिश्शाइतकी रक्कम राखून ठेवावी. खर्च न झाल्यास ती परत वाटावी. आपल्या मुलींचे भोजन सूर्यास्तापूर्वी व्हावयाचे असते व कंदमुळे वर्ज्य असतात. सामना लांबला तर ऐनवेळी बाहेर शोधाशोध करून दुप्पट पैसे मोजण्यापेक्षा दशम्या, खाकरे व सुके पदार्थ घरून बांधून द्यावेत.

यांतील काही खर्च माणशी वाढतो वा घटतो. काही मात्र ठोक असतो. हा भेद न ओळखल्याने पुष्कळ संघांचा हिशोब कोलमडतो. समजण्यापुरते उदाहरण घ्या. बसचे ठोक भाडे १२,००० रुपये आहे व सोळा मुली आहेत. प्रत्येकीस ७५० रुपये पडतात. निघण्याच्या आदल्या दिवशी चौघी गळाल्या, तर उरलेल्या बारा जणींवर १,००० रुपये येतात. ज्या घरी ७५० रुपयेच मोठ्या कष्टाने जमविले, त्या घरची मुलगी आता पाचवी गळणारी ठरते. यास्तव ठोक खर्चाचा हिस्सा आगाऊ घ्यावा, आणि गळणाऱ्याला तो परत मिळणार नाही असे आधीच स्पष्ट लिहावे. ज्यांना देणे शक्य नाही त्यांचा हिस्सा संघाच्या निधीतून भरावा. परंतु कोणाचा भरला, हे फलकावर लावू नये.

बस आणि इतर वाहने

आता भाडे वाचविण्याचे सरळ मार्ग पाहू. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेखाली राज्यातील रहिवासी स्त्रियांना व मुलींना सरकारी महामंडळांच्या साध्या व एक्सप्रेस गाड्यांतून राज्यांतर्गत प्रवास विनामूल्य आहे. राज्याबाहेर जाणाऱ्या प्रवासाला व आरामगाड्यांना ती सवलत नाही. महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून राज्य परिवहनाच्या गाड्यांत स्त्रियांना निम्मे भाडे पडते, तेही त्या राज्याच्या हद्दीपुरते. म्हणजे बेळगावहून धारवाडला किंवा हुबळीला जाणाऱ्या मुलींच्या संघाला भाड्यापायी मालवाहू टेम्पोत बसण्याचे आज काहीएक कारण उरलेले नाही. मुलींजवळ रहिवासाचे ओळखपत्र असावे, आणि सोबतच्या पुरुष शिक्षकाचे तिकीट मात्र काढावे.

स्वतंत्र बस ठरवावयाची झाल्यास भाव विचारण्यापूर्वी कागद पाहावेत. नोंदणीपत्रात किती आसने लिहिली आहेत, योग्यता प्रमाणपत्राची मुदत आहे की संपली, विमा प्रवासी वाहतुकीचा आहे ना, चालकाचा परवाना त्या वर्गाच्या गाडीचा आहे ना, या चार गोष्टी तपासाव्यात. आपण सीमेवर राहतो. कोल्हापूर किंवा गोवा आपल्याला शेजारच्या पेठेसारखे वाटते. परंतु राज्याची हद्द ओलांडताना गाडीला त्या राज्याचा वाहतूक परवाना लागतो. परवान्यावाचून गाडी चालविणे हा विम्याच्या अटींचा मूलभूत भंग होय, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली म्हटलेले आहे. कोणा मित्राची खाजगी मोटार भाडे देऊन नेणे हेही असेच धोक्याचे. खाजगी वापराच्या विम्यात भाड्याची वाहतूक बसत नाही.

मालवाहू गाडीविषयी तर कायदा स्पष्ट आहे. मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी यांखेरीज अशा गाडीतून फुकट नेलेल्या प्रवाशांची भरपाई विमा कंपनीवर येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिला. अशा वेळी दायित्व गाडीच्या मालकाच्या डोक्यावर राहते. आपल्यापैकी बहुतेकांच्या दारात टेम्पो किंवा ट्रक उभा आहे, आणि शाळा, मंदिर, लग्नघर यांची मागणी आली की आपण भिडेपोटी 'न्या' म्हणतो. ही भीड पेढी बुडवू शकते. त्याहून वाईट म्हणजे ती एखाद्याचे मूल बुडवू शकते.

रेल्वे

लांबच्या स्पर्धेसाठी रेल्वे हाच उत्तम मार्ग होय. पूर्वी खेळाडूंना तिकिटात सवलत मिळत असे. २० मार्च २०२० पासून रेल्वेने बहुतेक सवलती बंद केल्या, त्यांत हीही गेली. विद्यार्थ्यांच्या काही सवलती चालू आहेत, तेव्हा मुख्याध्यापकांनी स्थानकावर चौकशी करून घ्यावी. आरक्षण आता प्रवासाच्या साठ दिवस आधी सुरू होते. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही मुदत एकशे वीस दिवसांची होती. स्पर्धेचे दिनांक कळताच जागा धरणे श्रेयस्कर. पाच ते बारा वर्षांच्या मुलास स्वतंत्र जागा हवी असेल तर पूर्ण भाडे पडते, हे लहान गटाच्या संघांनी विसरू नये. साहित्याचे वजनही आधी करून ठेवावे. शयनयान वर्गात माणशी चाळीस किलो सामान विनामूल्य नेता येते, आणि बॅटी, हेल्मेटे, कॅचरची छातीढाल यांचा बोजा मुलींमध्ये वाटून दिला तर तो या मर्यादेत सहज बसतो.

रेल्वेच्या विम्यातील एक बारकावा फार थोड्यांना ठाऊक आहे. आय.आर.सी.टी.सी.च्या संकेतस्थळावरून ऑनलाइन तिकीट काढताना प्रवास विम्याचा पर्याय येतो. त्याचा हप्ता माणशी अवघा ४५ पैसे. अपघातात मृत्यू अथवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास १० लाख रुपये, कायमचे अंशतः अपंगत्व आल्यास साडेसात लाखांपर्यंत, आणि इस्पितळाच्या खर्चासाठी २ लाखांपर्यंत अशी त्याची व्याप्ती आहे. परंतु हा विमा स्थानकाच्या खिडकीवर काढलेल्या तिकिटाला मिळत नाही, आणि ऑनलाइन तिकिटालाही आपण तो पर्याय निवडला तरच मिळतो. संघांची रीत अशी की, सर्वांची तिकिटे एकदम हवीत म्हणून खिडकीवर जावयाचे. ऑनलाइन एका तिकिटावर सहाच नावे बसतात. अठरा जणांसाठी तीन तिकिटे काढावी लागतात. हा त्रास घेण्याजोगा आहे. तिकिटानंतर विमा कंपनीकडून जो संदेश येतो, त्यात प्रत्येक मुलीचा नामनिर्देशित वारस भरावा. बहुतेक लोक तो संदेश न वाचताच पुसून टाकतात.

खिडकीचे तिकीट असले तरी प्रवासी अगदीच उघडा पडत नाही. रेल्वे अपघातात कायद्याने भरपाई मिळते आणि मृत्यूबद्दलची ती रक्कम १ जानेवारी २०१७ पासून ८ लाख रुपये आहे. विम्याची रक्कम त्याव्यतिरिक्त असते.

मैदानावरील दुखापतीचा विमा

आतापर्यंत सांगितले ते वाटेवरचे. मुलगी स्पर्धेच्या गावी सुखरूप उतरली, आणि मैदानावर चेंडू लागून बोट मोडले, तर वरीलपैकी एकही विमा उपयोगी पडत नाही. त्यासाठी व्यक्तिगत अपघात विमा किंवा संघाचा समूह अपघात विमा लागतो.

येथे एक गैरसमज दूर करतो. बँकेतून वर्षाला २० रुपये कापून जी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना चालते, ती उत्तम आहे; मृत्यूस २ लाख रुपये देते. परंतु तिची वयोमर्यादा १८ ते ७० आहे. शाळेच्या मुलींना ती लागूच होत नाही. शिक्षक, व्यवस्थापक व चालक यांनी ती अवश्य घ्यावी; मुलींसाठी मात्र निराळी सोय पाहावी.

कुटुंबापुरती सोय हवी असेल तर १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे 'सरल सुरक्षा बीमा' या नावाची एकाच नमुन्याची अपघात पॉलिसी मिळते. तिची रक्कम अडीच लाखांपासून एक कोटीपर्यंत असते आणि आईबापांबरोबर तीन महिने ते पंचवीस वर्षे वयाच्या अवलंबून असलेल्या मुलांना तिच्यात घेता येते. तिचा मूळ भाग मृत्यू व कायमचे अपंगत्व यांपुरताच आहे. मोडलेल्या मनगटाचे बिल त्यात बसत नाही. अपघातानंतरच्या इस्पितळ खर्चाचे जादा कलम वेगळा हप्ता भरून घ्यावे लागते. खेळाडूला गरज पडते ती बहुधा याच कलमाची.

संघासाठी समूह पॉलिसी घेताना पुढील प्रश्न प्रतिनिधीला विचारावेत आणि उत्तरे तोंडी न घेता पॉलिसीतील कलमावर बोट ठेवून घ्यावीत. अठरा वर्षांखालील मुलांना ती लागू आहे काय? स्पर्धात्मक खेळातील दुखापत वगळलेली तर नाही ना? सराव, सामना आणि प्रवास या तिन्ही काळांत संरक्षण आहे काय? इस्पितळाचा खर्च किती मर्यादेपर्यंत? इस्पितळात चोवीस तास न राहता केलेले प्लास्टर धरले जाते काय? परराज्यात अपघात झाल्यास काय? खेळाडू बदलल्यास नाव बदलण्याची रीत कोणती? केवळ विम्यासाठी जमविलेल्या गटाला समूह पॉलिसी देता येत नाही. शाळा किंवा संस्था यांचा मुळात अस्तित्वात असलेला संघ मात्र तिला पात्र असतो. म्हणून खेळाडूंची यादी शाळेच्या शिक्क्यासह तयार ठेवावी.

अपघात घडल्यास

प्रथम उपचार, मग कागद. हा क्रम कधीही उलटू नये. ५ मे २०२५ रोजी केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या योजनेप्रमाणे रस्ता अपघातातील जखमीस नेमलेल्या इस्पितळात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता मिळू शकतात. हातात पैसे नाहीत म्हणून कोणी थांबू नये. त्यानंतर पोलिसांत नोंद करावी, विमा कंपनीस त्याच दिवशी कळवावे, आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र, बिले व क्ष-किरण चित्रे मूळ स्वरूपात जपावीत. प्रत्येक दौऱ्यावर व्यवस्थापकाजवळ एक वही असावी. तीत मुलींची नावे, वय, रक्तगट, पालकांचे दूरध्वनी, औषधाची वावडी आणि उपचारांस पालकांची लेखी संमती, एवढे असले म्हणजे परक्या गावी धावाधाव होत नाही.

संघापुढे एक विनंती

आपल्या व्यापारी संघाला माझी तीन कलमी विनंती आहे. पहिली, कोणाही सभासदाने आपली मालवाहू गाडी माणसे नेण्यास देऊ नये. मागणी आली तर गाडीऐवजी बसभाड्याला हातभार लावावा. दुसरी, आपल्या पेठेतील मुले ज्या शाळासंघांत खेळतात, त्या संघांचा समूह अपघात विमा शाळा उघडताच जून महिन्यात उतरविला जावा, व त्याचा हप्ता आपल्या धर्मादाय खात्यातून जावा. आडतीच्या व्यवहारात पोत्यामागे काही पैसे धर्मादाय काढण्याची रीत आपल्या वाडवडिलांपासून चालत आली आहे. तिचा याहून योग्य विनियोग मला सुचत नाही. तिसरी, त्या विम्यात पेढीच्या मालकाची नात आणि पेढीच्या हमालाची मुलगी यांची नावे एकाच यादीत, एकाच रकमेने असावीत.

ज्या मुलीचे मनगट माझ्या टेम्पोत मोडले, ती यंदा आपल्या जुन्या शाळेतील लहान मुलींना चेंडू टाकावयास शिकविते. मागील महिन्यात तिचा संघ स्पर्धेस निघाला, तेव्हा ती यादी घेऊन पेढीवर आली आणि म्हणाली, "आजोबा, विम्याचा कागद आधी दाखवा, मग आम्ही बसमध्ये चढतो." मी तिजोरीतून पॉलिसी काढून तिच्या हाती ठेवली. तिने अठराही नावे एक एक करून मोजली.

हिशोबात चूकभूल द्यावी घ्यावी, असे आपण खातेवहीच्या शेवटी लिहितो. माझ्या या लेखातही काही चुकले असेल तर जाणत्यांनी दुरुस्त करावे. मुलांच्या प्रवासात मात्र झालेली चूक पुढच्या पानावर ओढता येत नाही. ती निघण्याआधीच शोधावी लागते.